साप ओळखावा, पण लांबूनच

भात कापताना पेंढी उचलावी आणि खाली अनोळखी साप दिसावा, हा प्रसंग आपल्यापैकी पुष्कळांवर आला आहे. हाका पडतात, काठ्या येतात, साप मारला जातो, आणि मग सगळे जमून विचारतात, "हा कुठला?" हा क्रमच आम्हांला चुकीचा वाटतो.

नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे चार विषारी साप आपण व आपल्या मुलांनी ओळखायलाच हवेत. परंतु फसगत सहज होते. मण्यारीचे बारीक पांढरे पट्टे डोक्यामागे थोडे अंतर सोडून सुरू होतात व शेपटीकडे ठळक होतात; बिनविषारी कवड्याचे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होतात. घोणशीच्या पाठीवर साखळीसारख्या ठिपक्यांच्या तीन रांगा असतात. बिनविषारी डुरक्या घोणशीचे डाग वेडेवाकडे व शेपूट आखूड असते. हा फरक पाहण्यासाठी वाकावे लागत असेल, तर तो न पाहिलेलाच बरा. ओळख पटली नाही तर साप विषारी समजून मागे सरावे व त्याला वाट द्यावी.

कोणी म्हणेल, दंश झाल्यावर साप नेला नाही तर डॉक्टर औषध कुठले देणार? आपल्याकडे मिळणारी सर्पविषावरील लस या चारही सापांसाठी एकच असते, आणि रोग्याची लक्षणे पाहून ती देतात. साप शोधण्यात घालवलेला अर्धा तास रोग्याच्या जिवावर बेतू शकतो. म्हणून दंशाची जागा न कापता, दोरीने न आवळता, हातपाय न हलवू देता रोग्याला तडक लस मिळणाऱ्या दवाखान्यात न्यावे. मण्यारीचा दंश पुष्कळदा दुखत नाही, सुजतही नाही. तेवढ्यावरून घरी थांबू नये.

२००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांत बहुतेक आपल्यासारखी खेड्यांतली होती.

आणि मारलेला प्रत्येक साप वैरी नसतो. धामण आपल्या धान्यावरचे उंदीर खाते. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने सापांना संरक्षणही दिले आहे. तेव्हा शेतकरी बंधुभगिनींनो, शेतावर जाताना पायांत गमबूट, रात्री हातात बॅटरी असू द्या; आणि दवाखान्याचा रस्ता आजच ठरवून ठेवा.