पहिल्या चाळीस तासांविषयी

घरी बांधलेले विमान एकदा हवेत उठले की आपले लोक टाळ्या वाजवतात, हार घालतात आणि काम फत्ते झाले असे समजतात. माझे मत निराळे आहे. हार घालायचाच असेल तर तो चाळीस तासांनंतर घालावा.

हा आकडा मी मनाने काढलेला नाही. अमेरिकेत हौशी माणसाने स्वतः बांधलेल्या विमानाला चाचणीचा काळ ठरवून देतात. इंजिन आणि पंखा यांची जोडी विमानासाठी प्रमाणित असेल तर साधारणपणे २५ तास, नसेल तर ४०. तोवर प्रवासी घ्यायचा नाही, दाट वस्तीवरून जायचे नाही, नेमून दिलेल्या क्षेत्राबाहेर पडायचे नाही. (अलीकडे तास मोजण्याऐवजी ठरलेल्या चाचण्या एकेक करून पुऱ्या करण्याची मुभाही मिळाली आहे.) मोटारीचे रोटरी इंजिन बसवणारा अर्थातच चाळीसच्या रांगेत उभा राहतो.

येथे रोटरी म्हणजे पहिल्या महायुद्धातील, पंख्याबरोबर स्वतःच गरगर फिरणारे इंजिन नव्हे. हे फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेचे इंजिन. १९५७ साली ते जर्मनीच्या एनएसयू कंपनीत प्रथम चालले आणि १९६७ पासून जपानच्या माझदा कंपनीने ते मोटारींत घातले. त्यात पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही. फुगीर बाजूंचा तिकोनी रोटर फिरतो, बस्स. माझदाचे १३बी हे दोन रोटरांचे, १३०८ सीसीचे इंजिन हौशी मंडळींचे आवडते. हलणारे भाग थोडे, म्हणून मोडण्यासारखे थोडे, असा त्यांचा हिशेब. हिशेब खोटा नाही, पण अर्धा आहे.

उरलेला अर्धा भाग इंजिनाच्या बाहेर असतो. हे इंजिन मिनिटाला सहा हजार फेऱ्यांच्या आसपास खरी ताकद देते. पंख्याला एवढा वेग सोसत नाही, म्हणून मध्ये गिअर लागतो. एक्झॉस्ट इतका तापतो की साधा सायलेन्सर टिकत नाही. पाण्याबरोबर तेलही पुष्कळ उष्णता वाहून नेते, त्यामुळे तेलाचा कूलर मोठा हवा. शिवाय जुन्या पद्धतीच्या विमान-इंजिनाची ठिणगी मॅग्नेटोवर चालते, तिला बॅटरी लागत नाही. या इंजिनाचे पेट्रोलपंप आणि ठिणगी दोन्ही विजेवर. एक तार सुटली की धडधाकट इंजिन मुके होते.

यातले पुष्कळसे जमिनीवर कळत नाही. उभ्या विमानात रेडिएटरला पंख्याचाच वारा मिळतो. खरी परीक्षा चढताना होते, कारण ताकद पूर्ण लावलेली असते आणि विमानाचा वेग कमी असतो. म्हणून पहिले उड्डाण कंटाळवाणेच असावे. वैमानिक एकटा, धावपट्टीच्या आवाक्यातच घिरट्या, नजर तापमानाच्या काट्यावर, अर्ध्या तासात खाली. मग इंजिनावरचे झाकण काढून कोठे तेल गळते, कोणता पाइप सैल झाला, ते पाहायचे. दुसऱ्या उड्डाणात याहून थोडेच अधिक. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ साली घरगुती विमानांच्या अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात इंजिन बंद पडणे आणि विमानाचा ताबा सुटणे ही प्रमुख कारणे निघाली, आणि पुष्कळ अपघात विमानाच्या आयुष्याच्या आरंभीच घडलेले दिसले.

आता आपल्या सवयीविषयी बोलतो. कोणाला राग आला तरी चालेल. आपण मुहूर्त काढतो, पाहुणे बोलावतो, जेवण मांडतो. नारळ जरूर फोडावा, पण विमान जमिनीवर असताना. पहिल्या उड्डाणाला मुहूर्त नसावा आणि पाहुणेही नसावेत. आडवा वारा सुटला आहे, तेलाचा काटा वर सरकतो आहे, आणि कुंपणापाशी काका, मामा, आत्या छत्र्या घेऊन उभ्या आहेत. अशा वेळी आज नको म्हणायला जे धैर्य लागते, ते उडण्याच्या धैर्याहून मोठे आहे. माणसाला त्या पेचात आपणच का घालावे?

पहिल्या उड्डाणाचे हे वेड आपल्याकडे जुने आहे. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवले, ही कथा आपण अभिमानाने सांगतो. पण विमान किती वेळ हवेत होते, काय बिघडले, दुसऱ्या खेपेस काय बदलले, याची विश्वसनीय नोंद कोठे आहे? ज्या वैमानिक शास्त्राचा दाखला या कथेसोबत दिला जातो, त्यातील विमाने उडू शकणार नाहीत, असे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ सालीच दाखवून दिले.

याउलट कॅप्टन अमोल यादव यांचे काम पाहा. कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर त्यांनी विमान बांधले. त्यात वांकेलचे इंजिन नव्हते, पण चाचणीचा मार्ग तोच. २०१६ साली ते मुंबईच्या मेक इन इंडिया प्रदर्शनात लोकांनी पाहिले, उड्डाणाचा परवाना २०१९ साली हाती आला, आणि २०२० साली धुळ्याच्या धावपट्टीवर चाचण्या झाल्या. गच्चीवरल्या त्या विमानाचे छायाचित्र सगळीकडे छापून आले. मला मात्र धुळ्याच्या त्या उड्डाणांत तेलाचा काटा कोठवर चढला होता, ते वाचायला अधिक आवडेल.