हट्ट कोणाचा?

माउलींनो, लेकरू दुकानापुढे लोळण घेते आणि आपण म्हणतो, "काय हट्टी पोर!" पण हा हट्ट त्याचा नव्हे, जाहिरातीने पेरलेला आहे.

कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या आपल्या कुरुंदवाडात दुधाला काय तोटा? तरी डब्यातली गोड भुकटी घातल्याशिवाय पोर पेल्याला तोंड लावत नाही. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना बजावले, की अशा पेयांना 'आरोग्यपेय' म्हणून विकू नका; अन्नसुरक्षा कायद्यात तसा प्रकारच नाही. मग इतकी वर्षे आपण काय पाजले?

कोणी म्हणेल, आईबापांनी आवरावे. आवरावेच! पण एकीकडे दिवसभर शेतात राबलेली माय, दुसरीकडे कोट्यवधींची जाहिरात. ही झुंज बरोबरीची आहे काय?

गळ्यात माळ घालताना आपण जिभेला नेम लावला. मग लेकरांची जीभ बाजाराच्या हवाली का? शाळेच्या फाटकापासून ५० मीटरांत अति साखर, मीठ, चरबीच्या खाऊची विक्री नको, जाहिरातही नको, असा २०२० चा नियम आहे. फाटकापासून अंतर मोजा, मुख्याध्यापकांना विचारा. फसव्या जाहिरातीची तक्रार १९१५ वर करा. लेकरांसाठी भांडणे हीसुद्धा सेवाच आहे.

राम कृष्ण हरी.