तत्त्वज्ञान शहापूर-मुरबाडच्या मुलांनाही शिकू द्या
मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरूंना खुले पत्र

माननीय कुलगुरू,
मुंबई विद्यापीठ,
यांस,

शहापूर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी शिकवतो. आमच्या शाळेतून दहावी झालेल्या एका मुलीने अकरावी-बारावीला तत्त्वज्ञान घेतलं होतं. विषय तिला मनापासून आवडला आणि बी.ए.ला तोच मुख्य विषय घ्यायचा असं तिने ठरवलं. प्रवेशाच्या वेळी तिला सांगण्यात आलं की या विषयाला मुलं नसतात, तू इतिहास घे. घरचेही म्हणाले, इतिहास घेतलास तर पुढे बी.एड. तरी होईल. तिने इतिहास घेतला. इतिहासाबद्दल माझी तक्रार नाही. पण तिचे प्रश्न वेगळे होते, आणि ते या मातीतले होते.

तिचा पहिला प्रश्न पाण्याचा. तानसा धरण 1892 सालचं, भातसा त्यानंतरचं. दोन्ही आमच्याच तालुक्यात. मुंबईच्या पाण्यातला जवळपास निम्मा वाटा एकट्या भातसाचा आहे. आणि चैत्र-वैशाखात इथल्याच पाड्यांवर टँकरच्या वाटेकडे डोळे लावून हंडे रांगेत असतात. पाणी मुंबईला कसं जातं हे अभियंता सांगेल, त्याचा दर अर्थशास्त्राचा प्राध्यापक सांगेल. पण त्या पाण्यावर आधी हक्क कुणाचा? शहरातल्या लाखोंच्या सोयीसाठी पाड्यावरच्या शंभरांनी सोसावं, हे न्याय्य कधी ठरतं आणि कधी नाही? बेंथम आणि मिल यांनी जास्तीत जास्त लोकांच्या सुखाचा हिशेब मांडला. जॉन रॉल्सने 1971 मध्ये त्या हिशेबाला आव्हान दिलं. समाजात आपण कुठे जन्मणार हे ठाऊक नाही असं धरा आणि मग नियम ठरवा, असं तो म्हणाला. जन्म दादरला होईल की डोळखांबच्या पाड्यावर, हे माहीत नसताना भातसाच्या पाण्याची वाटणी आपण कशी केली असती? बारावी झालेल्या कुठल्याही मुलीला हा प्रश्न कळतो. तो नीट मांडायला, त्यावरचे आक्षेप तपासायला आणि आपलंच म्हणणं तोडून पुन्हा उभं करायला मात्र तीन-चार वर्षांचं शिक्षण लागतं.

संमतीचा प्रश्नही असाच आहे. शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. 1996 च्या पेसा कायद्याने आणि 2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला बोलण्याचा अधिकार दिला. मुरबाडमधल्या काळू नदीवरच्या धरणाला गावांनी ग्रामसभांतूनच विरोध केला. ग्रामसभेने होकार दिला म्हणजे नक्की कुणी दिला? ज्याला प्रकल्पाची माहितीच नव्हती त्याचा अंगठा संमती ठरतो का? दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणारं कातकरी कुटुंब मालकाकडून आधीच उचल घेऊन बसलेलं असतं. पैसे त्याने स्वतःच्या हाताने घेतले, कुणी जबरदस्ती केली नाही. तरी ते स्वतंत्र आहे का? स्वातंत्र्यावर जगात जे काही उत्तम लिहिलं गेलं, ते वाचण्याचा पहिला अधिकार अशा घरातल्या मुलांना असायला हवा, असं मला वाटतं.

हा विषय शहरी, सुखवस्तू लोकांचा आहे असं मानायची सवय आपल्याला लागली आहे. महाराष्ट्राचा अनुभव तसा नाही. प्रताप शेठ यांच्या दातृत्वातून 1916 मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं ते अमळनेरला. दि. य. देशपांडे यांनी तर्कशास्त्र आणि विवेकवाद विदर्भात बसून मराठीत आणला. मे. पुं. रेगे दादरच्या कीर्ती महाविद्यालयात शिकवत होते, तिथेच प्राचार्य झाले आणि पुढे विश्वकोशाची धुरा त्यांनी वाहिली. दे. द. वाडेकरांनी तत्त्वज्ञानाचा महाकोश मराठीत सिद्ध केला. अवघड विचार मराठीत नेमकेपणाने मांडता येतो हे या माणसांनी दाखवून दिलं आहे. बालभारतीची अकरावी-बारावीची तत्त्वज्ञानाची आणि तर्कशास्त्राची पुस्तकंही मराठीत आहेत. अडतं ते बारावीनंतर. आमची मुलं इंग्रजी संदर्भग्रंथ उघडतात आणि पहिल्याच पानावर थांबतात. बुद्धी कमी म्हणून ती थांबत नाहीत. तोवरचं त्यांचं सगळं शिकणं मराठीत झालेलं असतं.

पोटापाण्याचा प्रश्न मी टाळणार नाही. ज्या घरात वर्षभराचा भात जेमतेम पुरतो, तिथे आईबापांनी नोकरीचं विचारलंच पाहिजे. तत्त्वज्ञानाची पदवी घेतली की नोकरी लागते असं मी कुणाला सांगणार नाही. इतर विषयांच्या बी.ए.नंतरही ती आपोआप लागत नाही. पण पदवीनंतर तीन वर्षांचं कायद्याचं शिक्षण घेता येतं आणि तिथे युक्तिवादाची तयारीच कामाला येते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत तत्त्वज्ञान हा वैकल्पिक विषय आहे आणि 2013 पासून नीतिशास्त्राची वेगळी प्रश्नपत्रिका आहे. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झाली आहे. वनहक्काचे दावे लिहायला, सरपंचाच्या खुर्चीत बसून ठराव वाचायला इथे नीट विचार करणारी माणसं लागतात. ती बाहेरून आणावी लागू नयेत.

आपल्याकडे मागणं मोठं नाही. एका महाविद्यालयात या विषयाला पाच-सहाच मुलं येतील, हे मान्य. म्हणून विषयच बंद ठेवण्याऐवजी शहापूर आणि मुरबाडला मिळून एक पूर्णवेळ शिक्षक द्या. किन्हवली-सरळगाव रस्त्याने त्याला तीन दिवस इकडे, तीन दिवस तिकडे जाता येईल. मुरबाडला अजून रेल्वे नाही, तिथल्या मुलीने रोज कलिन्याच्या विद्यापीठात यावं ही अपेक्षा कुणीच करू नये. शिक्षकाने प्रवास करणं त्याहून पुष्कळ सोपं आहे. आपल्या तत्त्वज्ञान विभागाने पदवीच्या मुख्य अभ्यासपत्रिकांसाठी मराठीत वाचनपुस्तिका तयार कराव्यात आणि त्या विनामूल्य उपलब्ध करून द्याव्यात. नव्या शैक्षणिक धोरणात क्षेत्र-प्रकल्पाला श्रेयांक आहेत. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला तो आपल्या गावच्या ग्रामसभेवर किंवा पाणीवाटपावर करता यावा. त्याच धोरणाने भारतीय ज्ञान प्रणालीही अभ्यासक्रमात आणली आहे. न्यायदर्शन, बौद्ध विचार आणि चार्वाकांचे आक्षेप या विषयातल्या जाणत्या माणसाने शिकवावेत, हे तर उघडच आहे.

बारावीचे निकाल मे-जूनमध्ये लागतात आणि मुलं आठवड्याभरात विषय ठरवून मोकळी होतात. निर्णय त्याआधी व्हावा. शिक्षकाची नेमणूक यंदा जमत नसेल तर निदान तासिका तत्त्वावर एक माणूस पाठवा. मुलं गोळा करण्याची जबाबदारी आम्ही दोन्ही तालुक्यांतले शाळाशिक्षक घेतो.

आपला,
शहापूर तालुक्यातील एक माध्यमिक शिक्षक