बंदुकीनंतरचा प्रश्न : गडचिरोलीतील तरुण गावात का राहील?

नक्षलवादी चळवळीतील वरिष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने ऑक्टोबर २०२५ मध्ये ६० सहकाऱ्यांसह गडचिरोलीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यासमोर शस्त्रे खाली ठेवली. चार दशकांहून अधिक काळ हिंसाचाराने ग्रासलेल्या या जिल्ह्यासाठी ही घटना निश्चितच महत्त्वाची आहे. मात्र, बंदूक सोडणाऱ्यांच्या संख्येवरून तेथील तरुणांचे भवितव्य ठरविणे उतावीळपणाचे होईल. बंदूक गेल्यावर हाती काय येणार, हा खरा प्रश्न आहे. त्याचे एक उत्तर या जिल्ह्यातील ग्रामसभा गेली अनेक वर्षे शांतपणे शोधीत आहेत.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झालेला हा जिल्हा बहुतांश वनांनी व्यापलेला आहे. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या पावणेअकरा लाखांच्या घरात असून, त्यात आदिवासींचे प्रमाण सुमारे ३९ टक्के आहे. बारावी किंवा पदवीपर्यंत पोहोचलेल्या येथील तरुणापुढे आजवर मोजकेच मार्ग होते. पोलीस भरतीची तयारी करायची, शिक्षक किंवा वनरक्षकाच्या जागेची वाट पाहायची, नाही तर मजुरीसाठी परप्रांताची वाट धरायची. अलीकडे त्यात सूरजागडची लोहखनिज खाण आणि कोनसरीचा पोलाद प्रकल्प यांची भर पडली आहे. या सर्व मार्गांत एक गोष्ट समान आहे. निर्णय दुसरीकडे होतो आणि तरुणाने तो स्वीकारायचा असतो.

याला अपवाद ठरले ते धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे छोटेसे गाव. इचमपल्ली व भोपालपटनम धरणांच्या विरोधात ऐंशीच्या दशकात झालेल्या आंदोलनातून या गावात विचारमंथन सुरू झाले. देवाजी तोफा व मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने तेथे अभ्यासगट चालू लागले. कोणताही निर्णय बहुमताने नव्हे, तर सर्वांच्या सहमतीने घ्यायचा, अशी रीत पडली. वनहक्क कायदा २००६ मध्ये संमत झाला. त्यानुसार २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि असा हक्क मिळविणाऱ्या देशातील पहिल्या गावांत त्याची गणना झाली.

तथापि, कागदावरचा हक्क आणि हाती आलेला हक्क यांत अंतर असते. कायद्याने बांबूला गौण वनोपज मानले होते. पण तो जंगलाबाहेर नेण्याचा वाहतूक परवाना वन विभागाच्याच हाती होता. एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांनी गावात येऊन परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केले, तेव्हा ही कोंडी फुटली. त्यानंतर जिल्ह्यातील हजाराहून अधिक गावांना सामूहिक वनहक्क मिळाले. कोरची तालुक्यात तर सुमारे ९० ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा स्थापन केली.

सुशिक्षित तरुणाची खरी गरज येथेच निर्माण झाली. तेंदूपत्त्याच्या हंगामाचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. पूर्वी लिलाव वन विभाग करीत असे, माल ठेकेदार नेत असे आणि गावकऱ्यांच्या वाट्याला पुड्यामागे ठरलेली मजुरी येत असे. आता अनेक ग्रामसभा स्वतःच लिलाव पुकारतात. त्यासाठी जाहिरात द्यावी लागते, करारनामा करावा लागतो, बँकेत खाते व पॅन कार्ड लागते. ७० पानांचा एक पुडा, अशा हजारो पुड्यांची रोज नोंद ठेवून मजुरी व स्वामित्वधन यांचा वेगवेगळा हिशेब मांडावा लागतो. ठेकेदाराने रक्कम थकविली, तर त्याला जाब विचारण्यासाठी हाती कागद असावा लागतो. ज्येष्ठांना जंगल ठाऊक आहे. परंतु हे कागद हाताळू शकतो तो शिकलेला मुलगा किंवा मुलगी. नोंदवही गावातील तरुणाच्या हाती नसेल, तर ती ठेकेदाराच्या दिवाणजीच्या हाती जाते. मग हक्क नावापुरता उरतो.

मुलींच्या दृष्टीनेही या व्यवस्थेला महत्त्व आहे. वनहक्क नियमांनुसार ग्रामसभेच्या बैठकीला किमान एक तृतीयांश महिलांची उपस्थिती आवश्यक असते. वनोपज गोळा करण्याचे कष्ट प्रामुख्याने महिलाच उपसतात. त्यामुळे इतिवृत्त लिहिणारी व हिशेब तपासणारी गावची मुलगी ही केवळ कौतुकाची बाब राहत नाही.

अर्थात, या पर्यायाचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. तेंदूपत्त्याचा हंगाम उन्हाळ्यातील काही आठवड्यांचा. भाव दरवर्षी बदलतात आणि नोंदी ठेवणाऱ्याला मिळणारे मानधन शासकीय नोकरीच्या वेतनाच्या जवळपासही जात नाही. ज्या घरात आजारपण वा कर्ज आहे, तेथील मुलाने खाणीतील नोकरी पत्करली, तर त्याला दोष कसा देणार? दुसरीकडे, झेंडेपारसारख्या ठिकाणी प्रस्तावित खाणींना ग्रामसभांनी विरोध केला आहे. ज्या जंगलातून गावाचे उत्पन्न येते, तेच जंगल खाणीसाठी मागितले जाते, तेव्हा दोन रोजगारांपैकी एकाची निवड करण्याची पाळी गावावर येते. ती निवड गावाने करावी, की गावासाठी कोणी तरी करून टाकावी, हा वादाचा गाभा आहे.

शासनाला शांतता टिकवायची असेल, तर शरणागतांच्या पुनर्वसनाइतकेच लक्ष कधीही जंगलात न गेलेल्या तरुणांकडे द्यावे लागेल. ग्रामसभांना हिशेबनीस, वनव्यवस्थापन व विपणन यांचे प्रशिक्षण मिळाले, बांबू व मोहावर स्थानिक पातळीवर प्रक्रिया झाली आणि ग्रामसभेचा नकारही होकाराइतकाच ग्राह्य धरला गेला, तर गावात राहणे हा नाइलाज उरणार नाही. गडचिरोलीच्या तरुणाने बंदूक नाकारली, याचे स्वागत सर्वांनीच केले. उद्या त्याने ग्रामसभेत उभे राहून एखादा प्रकल्प नाकारला, तरी त्याच्या निर्णयाचा तितकाच मान राखला जातो का, यावर पुढचे बरेच काही अवलंबून आहे.