'ह्युमन' ऐकायला पासपोर्ट लागत नाही

डेथ मेटल ऐकणाऱ्या गावाकडच्या पोराला दोन बाजूंनी बोलणी बसतात. घरचे म्हणतात, हे काय केकाटणं लावलंय. शहरातले जाणकार म्हणतात, कवठे येमाईच्या पोरांना हे कशाला हवं, तुमच्याकडे तमाशा आहे की! घरच्यांशी माझं भांडण नाही. कान त्यांचा, दुखतो तर दुखतो. भांडण आहे ते या जाणकारांशी.

'डेथ' या फ्लोरिडाच्या बँडचा 'ह्युमन' हा अल्बम ऑक्टोबर १९९१ मध्ये आला. आठ गाणी, जेमतेम ३४ मिनिटं. चक शुल्डिनर हा त्याचा कर्ता. त्याचा १९८७ चा पहिला अल्बम म्हणजे रक्त, प्रेतं, भयपट. 'ह्युमन'मध्ये तो माणसाकडे वळला. एक गाणं असाध्य आजारी माणसाच्या मरण्याच्या हक्कावर आहे, एक शरीरानं जोडून जन्मलेल्या जुळ्यांवर. पहिल्याच गाण्यात शॉन रायनर्टचे ड्रम लांबून जवळ येतात, आणि मग कळतं की हा माणूस नुसता वेगात बडवत नाहीये. जॅझ ऐकलेले हात आहेत ते. लय मधेच वळते, थांबते, पुन्हा उचलते. ढोलकीवर वाढलेल्या कानाला हे परकं वाटायचं कारणच काय?

शब्द कळत नाहीत, हा आवडता आक्षेप. विलंबित ख्यालातला प्रत्येक शब्द तुम्हाला कळतो? तरी तिथे मान डोलते ना. गळा तिथे वाद्य असतो, तसाच इथेही. आणि गोंगाट म्हणाल, तर जत्रेत डीजेच्या भिंतीपुढे छातीचा पिंजरा हादरेपर्यंत नाचणाऱ्यांनी तरी तो शब्द काढू नये.

आता तमाशा. बी. के. मोमीन कवठेकर याच गावचे. मुसलमान घरातला हा माणूस आयुष्यभर तमाशाच्या फडांसाठी वग, लावण्या, गवळणी लिहीत राहिला. २०१८ चा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला, २०२१ मध्ये ते गेले. ज्या कलेचा आज पुरस्कार देऊन गौरव होतो, तिच्यावर बाळासाहेब खेरांच्या सरकारनं अश्लील म्हणून बंदी घातली होती. तेव्हाही पोरं बिघडतात हेच कारण होतं. ती कला आता 'आपली संस्कृती' झाली, आणि तिचाच दाखला देऊन दुसऱ्या संगीताला दारात अडवायचं? मोमीनांना गवळण लिहिताना कुणाचा दाखला लागला नाही. मग मला चक शुल्डिनर ऐकायला का लागावा?

डेथ मेटल सगळंच थोर नाही. बायकांना कापण्याची वर्णनं करणारी गाणी ढिगानं आहेत आणि ती भिकार आहेत. त्यांची वकिली मी करणार नाही. (लावणीच्या नावाखाली काय काय खपतं, तेही आपल्याला माहीत आहे.) पण 'ह्युमन'ला त्या ढिगात टाकणं हा आळस आहे.

हा आळस महागात पडतो. भरतीत नापास झालेलं, कांद्याचा भाव पडल्यावर घरातला अबोला बघणारं पोर खोलीत गप्प पडून असतं, आणि सगळे बोट दाखवतात त्याच्या हेडफोनकडे. काय झालं रे, असं विचारायला कुणी जात नाही. संगीतावर खापर फोडणाऱ्या अशाच लोकांवर या अल्बममध्ये एक गाणं आहे, 'लॅक ऑफ कॉम्प्रिहेन्शन'. शुल्डिनर डिसेंबर २००१ मध्ये मेंदूच्या गाठीनं गेला, अवघ्या ३४ व्या वर्षी. ते गाणं जुनं व्हायला तयार नाही.

२०११ मध्ये जिम मॉरिसनं हा अल्बम नव्यानं मिक्स केला. जुन्यात दबलेला स्टीव्ह डिजॉर्जिओचा बास त्यात नीट ऐकू येतो. मोबाइलच्या स्पीकरवर लावू नका, निदान दोनशे रुपयांचे इअरफोन तरी घ्या. आणि 'कॉस्मिक सी' सुरू झालं की आवाज वाढवा. त्यात कुणी गातच नाही, म्हणजे घरच्यांची अर्धी तक्रार आपोआप मिटते.