आकडा दिलात, आता कृती पण द्या!

जुलै २०२० आठवतोय? महापालिका, नीती आयोग आणि टीआयएफआरने दहिसर, चेंबूर, माटुंगा या भागांत ६,९३६ जणांचं रक्त तपासलं. अँटीबॉडी सापडल्या झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांत, इमारतींत १६ टक्के. त्या दोन आकड्यांवर आमच्या दहिसर-बोरिवलीत चहाच्या टपरीपासून सोसायटीच्या मीटिंगपर्यंत सगळे भांडत होते. आकड्यात एवढी ताकद असते. म्हणूनच तो आला कुठून, हे विचारायला हवं.

मी विज्ञान शिकलेलो नाही, पत्रकारितेचा डिप्लोमावाला आहे. मागे एका कार्यालयात अहवालातल्या टक्केवारीबद्दल विचारलं, "साहेब, ही काढली कशी?" उत्तर मिळालं, "एक्सेल ज्या मुलाकडे होतं तो सोडून गेला." संपला विषय! पैसा आपला, अहवाल सरकारी आणि हिशेब त्या मुलाच्या लॅपटॉपमध्ये.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडात जुन्या फॉरमॅटच्या एक्सेल फाइलीत ओळी मावल्या नाहीत आणि जवळपास १६ हजार बाधितांची नोंद मागे राहिली.

यावर उपाय आहे, आणि फुकट आहे. स्नेकमेक, नेक्स्टफ्लो, गॅलेक्सी. मूळ माहिती कुठली, कोणत्या पायरीला कोणता प्रोग्राम, कशानंतर काय, हे सगळं लिहून ठेवायचं. मग कुणीही तीच प्रक्रिया पुन्हा चालवू शकतो. आकडा तोच यायला हवा. नाही आला, तर कुठे घसरला ते शोधता येतं. चकली बिघडली तर भाजणीचं प्रमाण लिहिलेलं असेल तरच चूक सापडते ना? तसंच.

आणि "आपल्याकडे जमत नाही" हे सांगू नका. बंगळुरूची आयआयएससी आणि आपल्या कुलाब्याची टीआयएफआर यांनी साथीचं सिम्युलेटर बनवलं, मुंबईत लोकल सुरू केल्या तर काय होईल याचे अंदाज काढले आणि कोड गिटहबवर सगळ्यांसाठी खुला ठेवला.

लोकांची खासगी माहिती? नावं-पत्ते काढा, पायऱ्या तरी द्या. आकडा पुन्हा तोच आला म्हणजे तो खरा, असंही नाही. नमुनाच चुकीचा घेतला तर चूकच पुन्हा येईल. पण ती पकडायला आधी रस्ता दिसला पाहिजे.

मागणी साधी आहे. जनतेच्या पैशातून झालेल्या प्रत्येक अभ्यासासोबत त्याची कृती जाहीर करा. तोपर्यंत तुमच्या टक्केवारीला मी बातमी म्हणणार नाही, सांगोवांगी म्हणेन.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, पण हिशेबासकट!