वेष्टनावरील अक्षरे व विक्रेत्याचे दायित्व

मकरसंक्रांतीस कन्नड घरांत एळ्ळु-बेल्ल वाटतात, मराठी घरांत तिळगूळ. बंगळुरूच्या पूर्वेकडील महादेवपुऱ्यासारख्या मिश्र वस्तीत या दोन्ही रीती शेजारीशेजारी नांदतात. एळ्ळु-बेल्लात तिळाखेरीज भुईमूग, सुके खोबरे, डाळे आणि गूळ असतो. बहुतेकांस हा खाऊ पौष्टिकच होय. परंतु ज्या मुलास भुईमुगाची अधिहृषता, म्हणजे ॲलर्जी आहे, त्याचे शरीर त्यातील निरुपद्रवी प्रथिनास शत्रू समजते. अंगावर गांधी उठतात, क्वचित श्वासनलिका आकुंचन पावून प्राणही धोक्यात येतो. अशा मुलाचे पहिले संरक्षण औषधाने नव्हे, तर पुडीवरील अक्षरांनी होते.

भारतात 2020 च्या लेबलविषयक विनियमांनुसार ग्लुटेनयुक्त धान्ये, दूध, अंडी, मासे, कवचधारी जलचर, भुईमूग व कवचफळे, सोयाबीन, तसेच किलोमागे 10 मिलिग्रॅम वा अधिक सल्फाइट यांचा उल्लेख वेष्टनावर वेगळा करावा लागतो. या यादीत तीळ नाही! युरोपीय संघाच्या यादीत तो आहे. अमेरिकेनेही 2023 पासून त्याचा समावेश केला. तिळगुळाच्या देशात ही उणीव राहावी, हे चमत्कारिकच म्हटले पाहिजे.

तथापि यादी परिपूर्ण झाली तरी काम भागत नाही. डबीतील हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. आमटीला चिमूटभर हिंग घालणाऱ्या गृहिणीस ते चवीवरून कळणार नाही; डबीवर छापलेले असेल तरच कळेल. आणि दुकानदाराने मोठे पोते फोडून माल लहान पिशव्यांत भरला, की छापील माहिती पोत्याबरोबरच फेकली जाते. येथे तो केवळ विक्रेता राहत नाही, आवेष्टकही बनतो. 2006 च्या अन्नसुरक्षा व मानके अधिनियमाच्या कलम 27 नुसार चुकीच्या वा अपुऱ्या लेबलाच्या मालाबद्दल विक्रेताही उत्तरदायी आहे. माल कोणाकडून आला हे सांगता न येणे हाही त्याचाच दोष ठरतो.

लहान दुकानदारावर हा भार फार होईल, असा आक्षेप घेतला जातो. तो सर्वस्वी खोटा नाही. प्रयोगशाळेतील परीक्षा त्याच्याकडून कोणी अपेक्षू नये. परंतु पोत्यावरील मजकूर पिशवीवर उतरवून घेणे, शेंगदाण्यांचे माप काजूच्या डब्यात न घालणे आणि विचारणाऱ्या ग्राहकास ‘काही होत नाही’ असे न सांगता मूळ वेष्टन दाखविणे, एवढे त्याच्या गल्ल्यावर बसूनही होण्याजोगे आहे.